सुजलेल्या पायाचा पंचनामा कधी होणार?

शहागड हे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील गोदाकाठचे गाव. पुलाच्या अलीकडे जालना जिल्हा, पलीकडे बीड. धुळे-सोलापूर महामार्ग गावाला लागून जातो. दिवाळीच्या आसपास या भागातून ऊसतोड कामगारांचे ट्रक आणि ट्रॅक्टर भरून निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी रिकाम्या हातांनी परततात. बौद्ध, मातंग, भटके, बंजारा, वंजारी आणि कोरडवाहू मराठासुद्धा, अशी सगळी गोरगरीब माणसे त्यात असतात. त्यांच्या मजुरीवर, उचलीवर आणि मुकादमाच्या जाचावर आमच्या चळवळीने पुष्कळ लिहिले आहे. त्यांच्या पायांवर मात्र कोणी लिहिले नाही. आज आम्ही पायांवर लिहिणार आहोत. वाचकांनी हसू नये.

एकच पाय सुजतो. पोटरी दुखते, दगडासारखी लागते, हात लावला तर गरम वाटते. दोन्ही पाय सुजले तर हृदय, मूत्रपिंड, अंगात रक्त नसणे अशी कारणे शोधावी लागतात. पण अचानक एकाच पायाला सूज आली तर आतल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याची शंका घ्यावीच लागते. पायातले रक्त हृदयाकडे वर चढवण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. माणूस चालला की ते रक्त ढकलले जाते. माणूस अंथरुणाला खिळला, पायाला प्लास्टर लागले, पोटाचे मोठे ऑपरेशन झाले, बाळंतपण झाले, कर्करोग झाला किंवा अंगातले पाणी आटले की शिरेत रक्त साकळू शकते. गुठळी पायातच राहिली तर पाय जन्माचा जड होतो, घोट्याजवळ न भरणारी जखम होते. तिचा तुकडा तुटून फुप्फुसात गेला तर दम लागतो, छातीत कळ येते, थुंकीत रक्त पडते आणि कधीकधी माणूस बोलता बोलता कोसळतो. गाव म्हणते, झटका आला. मृत्यूच्या नोंदीतही बहुधा तेच लिहिले जाते.

वस्तीत या आजाराला नाव नाही. शिर चढली, लचक भरली, वारं गेलं, बाहेरचं झालं, असे शब्द आहेत आणि त्या शब्दांप्रमाणेच उपचार होतात. तेल लावून पाय रगडतात. बिब्बा लावतात. कुठे डागतात. गुठळीचा पाय जोराने चोळू नये असे वैद्यकशास्त्र सांगते, कारण गुठळी हलण्याचा धोका असतो, आणि आमच्याकडे पहिला उपाय चोळण्याचाच! मराठवाड्यात भानामतीच्या नावाने किती बायकांचे हाल झाले हे नव्याने सांगायला नको. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. कायद्याने बुवाला अटक करता येते. सुजलेल्या पायाला दवाखाना दाखवण्याचे काम कायदा करू शकत नाही.

आणि दवाखाना दाखवला तरी काय होते? नाक्यावरचा डॉक्टर दुखणे थांबवण्याची सुई मारतो आणि दोन दिवसांच्या गोळ्या बांधून देतो. दुखणे दबते, बाई पुन्हा खुरपायला जाते. सगळा दोष त्या डॉक्टरवर ढकलून आम्ही मोकळे होणार नाही. त्यांच्यातील अनेकांना हा आजार आपल्याकडे असतो हेच कधी शिकवले गेले नाही. खोल शिरेतली गुठळी हा गोऱ्या लोकांचा आजार, भारतीयांना तो क्वचितच होतो, असे वैद्यकीय क्षेत्रात फार काळ मानले जात होते. पुढे आपल्याच देशातल्या रुग्णालयांनी तपासणी सुरू केली तेव्हा तो इथेही भरपूर आहे असे दिसले. तपासलेच नाही म्हणून सापडला नव्हता. हा खेळ आम्हाला ओळखीचा आहे. जातींची मोजणी करायची नाही आणि मग जातीचा प्रश्न उरलाच कुठे म्हणून विचारायचे, हा उद्योग या देशाने दशकानुदशके केला. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारला जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय जाहीर करावा लागला. पायांची मोजणी अजून जाहीर झालेली नाही.

दुसरी एक गोष्ट वाचकांच्या ध्यानात आली नसेल. या आजाराचे एक लक्षण म्हणून पुस्तकात लिहिलेले असते की पाय लाल होतो. कोणाचा पाय लाल होतो? गोऱ्या कातडीचा. उन्हात रापलेल्या काळ्यासावळ्या पायावर लाली दिसत नाही. फार तर कातडी जास्त काळी, ताणलेली, चकचकीत दिसते. पुस्तक गोऱ्या माणसाच्या पायावरून लिहिले गेले, डॉक्टर त्या पुस्तकावर शिकला, आणि समोरच्या काळ्या पायावर लाली दिसली नाही म्हणून त्याने शंका घेतली नाही. यात कोणाचा दुष्टपणा नाही, पण मरणारा मात्र ठरलेला आहे.

शिरेत गुठळी का होते याचा विचार ज्याच्या नावाने आजही शिकवला जातो तो जर्मन डॉक्टर म्हणजे रुडॉल्फ विर्खो. पायातल्या शिरेची गुठळी तुटून फुप्फुसात जाते हे त्याने दाखवून दिले. त्याचा या विषयावरचा मोठा ग्रंथ १८५६ सालचा. रक्ताचा वेग मंदावणे, शिरेला इजा होणे आणि रक्तच घट्ट होण्याकडे झुकणे, ही तीन कारणे विद्यार्थी त्याच्या नावाने पाठ करतात. पण या विर्खोची दुसरी गोष्ट वैद्यकीय महाविद्यालयात कितीजणांना सांगितली जाते? १८४८ साली वरच्या सिलेशिया प्रांतात टायफसची साथ आली. सरकारने चौकशीसाठी या तरुण डॉक्टरला पाठवले. त्याने परत येऊन अहवाल दिला तो औषधांचा नव्हे. लोकांना पूर्ण लोकशाही द्या, शिक्षण द्या, त्यांना दारिद्र्यातून बाहेर काढा, असा त्याच्या सांगण्याचा अर्थ होता. सरकारला ते रुचले नाही. रोगाचे मूळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा माणूसच रोगाचे मूळ समाजव्यवस्थेतही पाहत होता. आमच्या वाचकांना हा माणूस परका वाटणार नाही.

आता निदानाचे पाहू. त्यासाठी पहिले हत्यार शिंप्याच्या दुकानातले आहे. मापाची टेप! गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडाला जो उंचवटा हाताला लागतो त्याच्या खाली १० सेंटीमीटरवर दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजायचा. सुजलेल्या पायाचा घेर दुसऱ्यापेक्षा ३ सेंटीमीटरहून जास्त भरला तर तो एक गुण. कॅनडातील डॉ. फिलिप वेल्स यांनी १९९० च्या दशकात अशी गुणांची पद्धत बसवली आणि ती जगभर वापरली जाते. तीन दिवस किंवा अधिक अंथरुणाला खिळणे अथवा मागच्या बारा आठवड्यांत मोठे ऑपरेशन, पायाला प्लास्टर किंवा लकवा, कर्करोग, पूर्वी झालेली गुठळी, पूर्ण पाय सुजणे, बोटाने दाबल्यावर त्या एकाच पायावर खळगा पडणे, अशा गोष्टींना प्रत्येकी एक गुण. सुजेचे दुसरे तितकेच संभवनीय कारण दिसत असेल तर दोन गुण वजा. एवढे काम आरोग्य केंद्रातला डॉक्टर दहा मिनिटांत करू शकतो. त्याला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, निविदा तर मुळीच लागत नाही.

गुण कमी आले तर डी-डायमर नावाची रक्ताची तपासणी उपयोगी पडते. हे नाव शहागडच्या माणसाला नवीन नाही. कोरोनाच्या २०२०-२१ च्या काळात गावोगावच्या लोकांनी दागिने मोडून ही तपासणी करून घेतली. कोरोनात रक्त साकळते हे तेव्हाच लोकांना कळले. त्या काळात राज्याचे आरोग्यमंत्री याच जालना जिल्ह्याचे राजेश टोपे होते आणि त्यांनी त्या संकटात धावपळ केली हे आम्ही नाकारत नाही. पण साथ ओसरली आणि ते ज्ञानही ओसरले. डी-डायमरचा नेमका उपयोग काय हे तेव्हाही लोकांना कोणी सांगितले नाही. गुण कमी असलेल्या माणसाची ही तपासणी नकारात्मक आली तर गुठळी नाही असे धरून चालता येते. ती सकारात्मक आली म्हणून मात्र काहीच सिद्ध होत नाही. गरोदर बाई, ओली बाळंतीण, तापाचा रोगी, ऑपरेशन झालेला माणूस, म्हातारा माणूस, कोणाचीही डी-डायमर वाढलेली असू शकते. केवळ त्या कागदावर लोकांना घाबरवून हजारो रुपये उकळण्याचे प्रकार झाले ते या अज्ञानाच्या जोरावर.

शंका जास्त असेल तर सोनोग्राफी हाच उपाय. जांघेत आणि गुडघ्यामागे सोनोग्राफीचा डोळा टेकवून शीर दाबायची. निरोगी शीर दाबली की मिटते. गुठळी असलेली शीर मिटत नाही. झाले निदान! पूर्ण डॉप्लरला तज्ज्ञ लागतो हे खरे, पण ही दाबून पाहण्याची तपासणी साधा डॉक्टरही प्रशिक्षण घेऊन काही मिनिटांत करू शकतो, असा जगभरच्या तातडीच्या विभागांचा अनुभव आहे.

आणि इथेच आमचा संताप अनावर होतो. मराठवाड्यात सोनोग्राफीची यंत्रे नव्हती का? होती! गोदावरीच्या पलीकडच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. त्या उरलेल्या मुली कुठे गेल्या? पोटात मुलगी आहे हे पाहण्यासाठी यंत्र होते, डॉक्टर होता, गाडी होती, रात्रीची वेळही चालत होती. २०१२ साली परळीचे प्रकरण फुटले तेव्हा महाराष्ट्राने तोंडात बोट घातले. मुलगी गर्भात असताना जे यंत्र तिला शोधून काढत होते, ते यंत्र तीच मुलगी जगून वाचून ऊसतोड कामगार झाली, बाळंत झाली आणि तिचा पाय सुजला तेव्हा तिच्या पायाला का लागत नाही? गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा सैल करा असे आम्ही चुकूनही म्हणणार नाही. तो अधिक कडक करा. पण कायद्याने नोंदवलेले यंत्र सरकारी रुग्णालयातच कुलपात असेल, किंवा सोनोग्राफीवाले डॉक्टर आठवड्यातून एक वार येत असतील, तर गुठळीने त्या वाराची वाट पाहायची काय?

शहागडहून बीड पन्नासेक किलोमीटर, जालना साठेक, औरंगाबादची घाटी ऐंशीच्या आसपास. आज त्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे, पण नाव बदलल्याने अंतर कमी होत नाही. जालन्यात २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याचे स्वागत आहे. कोनशिला बसली म्हणजे रुग्णालय उभे राहिले असे होत नाही, हे नांदेडने दाखवले आहे. तिथल्या शासकीय रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यानंतर एका खासदाराने काय केले? आदिवासी समाजातून आलेल्या अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करायला लावले. अॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला तो यासाठीच. औषधे आणि माणसे का कमी पडली याचा जाब मंत्रालयाला विचारण्यापेक्षा आदिवासी माणसाच्या हातात झाडू देणे सोपे असते.

या आजारात बायकांचा वाटा वेगळा काढून सांगावा लागतो. गरोदरपणात आणि त्याहून जास्त बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत रक्त साकळण्याची शक्यता वाढलेली असते. निसर्गानेच ती व्यवस्था केलेली आहे, बाळंतपणात रक्त वाहून बाई मरू नये म्हणून. त्यात आमच्या रूढी भर घालतात. बाळंतिणीला पाणी देऊ नका, पोट सुटेल, बाळाला बाधेल! अंधाऱ्या खोलीत बाजेवर शेक-शेगडी, घामाच्या धारा आणि प्यायला घोटभर पाणी. बाळंतिणीच्या मेंदूतल्या शिरांत गुठळी होण्याचे प्रकार भारतात फार आढळतात हे आपल्या मेंदूविकार तज्ज्ञांनी अनेक वर्षांपूर्वीच नोंदवले आणि बाळंतिणीचे पाणी तोडण्याच्या रूढीकडे बोट दाखवले. बाळंतपणानंतर काही दिवसांनी डोके प्रचंड दुखते, उलट्या होतात, फिट येतात, एक बाजू लुळी पडते. घरचे म्हणतात, झपाटली. बाई देवऋषाकडे जाते. तिला हवे असते डोक्याचे स्कॅन आणि रक्त पातळ ठेवणारे हेपारिन. वेळेत मिळाले तर यातल्या बहुतेक बाया चालत घरी जातात. ज्या रूढीने पाणवठा तोडला तिच्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सत्याग्रह केला. घरातल्या बाळंतिणीचे पाणी तोडणारी रूढी आम्ही आमच्याच सासूबाईंच्या मर्जीवर सोडून दिली आहे.

ऊसतोड बायकांचे गर्भाशय काढण्याचे प्रकरण २०१९ साली देशभर गाजले. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत अशी ४,६०५ ऑपरेशने झाल्याचे तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे ८२,३०९ बायकांच्या पाहणीची आकडेवारी आली, त्यातील १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, खाड्याचा दंड मुकादम कापतो, म्हणून पिशवीच काढून टाका! चर्चा झाली ती पिशवीची. पण ओटीपोटाचे असे मोठे ऑपरेशन हे पायात गुठळी होण्याचे ठळक कारण आहे, आणि तो धोका टाके काढल्यावर लगेच संपत नाही, हे त्या बायकांना सांगितले होते काय? ऑपरेशननंतर लवकर उठवून चालवणे, धोका जास्त असेल तर काही दिवस हेपारिनची सुई देणे, ही काळजी मोठ्या शहरातल्या चांगल्या रुग्णालयात घेतली जाते. ज्यांनी गाड्या भरभरून बाया आणल्या आणि पिशव्या काढल्या त्यांनी ती घेतली काय? ज्यांची पिशवी राहिली त्यातल्या कित्येकजणी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या दुकानातून आणून खातात. त्याही संप्रेरकांच्याच गोळ्या. ज्या बाईला आधीच धोका आहे तिच्यासाठी त्या डॉक्टरला न विचारता घेणे बरे नव्हे. औषधाच्या दुकानदाराने तिला कधी विचारले आहे का, की बाई, तुझा पाय कधी सुजला होता का?

विदर्भातल्या आमच्या वाचकांसाठी इथे एक गोष्ट घालणे भाग आहे. सिकलसेल हा आजार विदर्भातील आदिवासींप्रमाणेच तिथल्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणावर आहे. सिकलसेलच्या रुग्णाला शिरेत गुठळी होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो आणि त्याची छाती दुखली तर ती नेहमीचीच कळ म्हणून सोडून देता येत नाही. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, त्याचा रोख आदिवासी भागांवर आहे. आदिवासी बांधवांना ते मिळालेच पाहिजे. मात्र नागपूरच्या वस्त्यांमधली पोरे त्या अभियानात नीट मोजली जातात की नाही, याचा पाठपुरावा तिथल्या कार्यकर्त्यांनी करावा.

आता उपचार. यात एक कहाणी आहे आणि ती आमच्या माणसांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरे रक्तस्राव होऊन मरू लागली. सडलेला गोड क्लोव्हरचा चारा खाल्ल्याने हे होते असे दिसले. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी मेलेली कालवड, बादलीभर न गोठणारे रक्त आणि तो चारा गाडीत घालून हिमवादळातून विद्यापीठात पोहोचला. तिथे कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाने त्याला हाकलून दिले नाही. त्याने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी काही वर्षे खपून त्या चाऱ्यातला पदार्थ शोधून काढला. त्यातूनच पुढे वॉरफॅरिन आले. १९४८ साली उंदराचे औषध म्हणून आणि १९५४ साली माणसाचे औषध म्हणून. आज शिरेतल्या गुठळीवर जगभर जी स्वस्त गोळी दिली जाते ती हीच. तिथे मेलेल्या गुरातून विद्या निघाली. आमच्याकडे शेकडो वर्षे मेलेली गुरे आमच्याच बापजाद्यांच्या खांद्यावरून गेली. गुरे कशाने मरतात हे गावात त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? पण त्यांच्यासाठी विद्यापीठाचे दार नव्हते, आणि मेलेल्या गुरातून निघाला तो फक्त विटाळ.

उपचाराचे सूत्र साधे आहे. हेपारिन वर्गातली सुई लगेच सुरू करायची, सोबत वॉरफॅरिनची किंवा त्याच जातीतली गोळी द्यायची, दोन्ही किमान पाच दिवस एकत्र आणि रक्ताची तपासणी अपेक्षित पातळीला आल्यावर सुई बंद. गोळी किमान तीन महिने, काहींना त्याहून जास्त. ही औषधे झालेली गुठळी विरघळवत नाहीत. ती गुठळीला वाढू देत नाहीत, मग शरीर हळूहळू तिचा निचरा करते. म्हणून सूज उतरली की गोळी बंद, हा शहाणपणा जिवावर बेततो. गरोदर बाईला वॉरफॅरिन चालत नाही, पोटातल्या बाळाला अपाय होतो. तिला सुईच द्यावी लागते. आणि वॉरफॅरिन घेणाऱ्याच्या रक्ताची आयएनआर नावाची तपासणी वारंवार करावी लागते. आकडा साधारण २ ते ३ च्या मध्ये हवा. कमी झाला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. मेथी, पालक, शेपू एक दिवस भरपूर आणि पुढचे आठ दिवस मुळीच नाही, अशाने हा आकडा हलतो. अंगदुखीची गोळी आणि नाक्यावरची सुई तर यात विषच.

ज्या गावात ही तपासणी होत नाही तिथल्या मजुराने काय करावे? दर पंधरा दिवसांनी रोज बुडवून जिल्ह्याला जावे? तो दोनदा जातो, तिसऱ्यांदा जात नाही. मग कागदावर लिहिले जाते, रुग्णाने हयगय केली. नव्या प्रकारच्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही. त्यातील रिव्हारोक्सॅबान या गोळीचे भारतातील पेटंट डिसेंबर २०२० मध्ये संपले आणि अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. त्याच वर्गातले डाबिगॅट्रान २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले गेले. पेटंट असताना जे औषध फक्त श्रीमंताचे होते ते आता गरिबाला देता येईल. ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात का नसावे?

सरकार म्हणेल, महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे ना! २०२३ च्या निर्णयाने तिची मर्यादा ५ लाखांवर नेली आणि ती सगळ्यांना लागू केली. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, हेही खरे. पण जोतीरावांचे नाव दिलेल्या योजनेचा पैसा प्रामुख्याने खाटेवर पडलेल्या माणसासाठी मिळतो. या आजारातला बहुतेक रोगी खाटेवर नसतो. तो तीन महिने घरी गोळी खात असतो. त्या तीन महिन्यांच्या गोळीचे आणि तपासणीचे काय? आणि निःशुल्क उपचाराची घोषणा आरोग्य विभागापुरती होती. घाटीसारखी रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात. शहागडच्या बाईने हे दोन विभागांचे कोडे कसे सोडवायचे?

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४३ साली कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अदारकर यांच्याकडे सोपवले गेले. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. त्याआधी १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला होता. ते स्वतः मधुमेहाने आणि पायांच्या वेदनांनी गांजलेले होते. कारखान्यातल्या कामगाराला त्या कायद्याने दवाखाना मिळाला. साखर कारखाना हाही कारखानाच, पण त्याच्या गाळपासाठी ऊस तोडणारी बाई त्या कायद्याच्या बाहेर उभी आहे, कारण कागदोपत्री ती कारखान्याची नव्हे, मुकादमाची! अंबड तालुक्यातच अंकुशनगरला साखर कारखाना आहे, सगळ्या मराठवाड्यात आहेत. गाळपाच्या हंगामात प्रत्येक कारखान्याने फडावरच्या कामगारांसाठी दवाखाना चालवावा आणि त्या दवाखान्याचे कागद कामगाराबरोबर गावच्या आरोग्य केंद्रापर्यंत यावेत, ही मागणी ऊसतोड संघटनांनी आता उचलीच्या मागणीइतकीच लावून धरली पाहिजे.

राज्यघटनेचे कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला, की सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार वेळेत न देणे हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे. खाट नाही, यंत्र नाही, ही सबब चालत नाही. ज्या संघटनेने हा निकाल मिळवला ती शेतमजुरांची होती. आमच्या वकील मित्रांनी हा निकाल तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवून विचारावे, की सोनोग्राफी रोज का होत नाही, आयएनआर तालुक्याला का होत नाही, हेपारिनची सुई केंद्रात का नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

सरकार जागे होईपर्यंत विहारांनी वाट पाहू नये. आजारी पडलेल्या आणि सगळ्यांनी टाकून दिलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हातांनी धुतले, ही कथा आम्ही दर वर्षावासात ऐकतो. १४ एप्रिलला जयंती मंडळे रक्तदाब आणि साखर तपासण्याची शिबिरे भरवतात. त्यात आणखी एक खुर्ची आणि एक मापाची टेप ठेवायला किती खर्च येतो? आशाताईंना बोलवा, बाळंतिणींच्या सासवांना पुढे बसवा आणि पाण्याचा विषय काढा. ऑपरेशन झालेल्या, प्लास्टर लागलेल्या, नुकत्याच बाळंत झालेल्या, फडावरून परतलेल्या बाईचा एकच पाय सुजला असेल तर दोन्ही पोटऱ्या मोजा, आकडा कागदावर लिहा आणि तो कागद हातात देऊन तिला त्याच दिवशी सोनोग्राफी असलेल्या सरकारी रुग्णालयात पाठवा. पाय चोळू देऊ नका. दम लागला असेल किंवा छातीत दुखत असेल तर कागद लिहीत बसू नका, १०८ ला फोन लावा.